यीस्टला हीट शॉक दिला की कधी सगळं मरतं, कधी काहीच मरत नाही: आमच्या लॅबमधला घोळ आणि तो कसा सुटला

आधी प्रॉब्लेम सांगतो. एमएस्सी मायक्रोच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक साधं प्रॅक्टिकल आहे. बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, रात्रभर वाढवायचं, सकाळी ५० डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं, दर पाच मिनिटांनी थोडं काढून डायल्यूट करून प्लेटवर टाकायचं आणि दोन-तीन दिवसांनी कॉलन्या मोजून किती पेशी जगल्या ते काढायचं. मॅन्युअलमध्ये हे अर्ध्या पानात बसतं. प्रत्यक्षात दरवर्षी याचा बोऱ्या वाजायचा. एका बॅचचं दहा मिनिटांत साफ, दुसऱ्या बॅचला वीस मिनिटांनंतरही प्लेटभर सडा, आणि तिसऱ्या बॅचचा ग्राफ असा की पंधराव्या मिनिटाला दहाव्यापेक्षा जास्त पेशी जिवंत, म्हणजे मेलेले उठून बसले की काय. पोरं मग शेजारच्या टेबलवरचे आकडे उतरवून जर्नल पूर्ण करायची आणि आपणही सही करून मोकळे व्हायचो, खोटं कशाला बोलू.

पहिला संशय अर्थातच वॉटर बाथवर. तो बरोबरही होता, पण अर्धाच. डिस्प्लेवर ५० दिसतं म्हणून ट्यूबमध्ये ५० असतं असं अजिबात नाही. आम्ही एका रिकाम्या ट्यूबमध्ये तेवढंच मीडियम, म्हणजे यीस्ट वाढवायचं पोषक द्रावण, भरून त्यात साधा काचेचा थर्मामीटर ठेवला तर कोपऱ्यात ४७, मधे ५०, आणि थंड कल्चरची ट्यूब टाकल्यावर आतलं तापमान वर चढायला चांगली चार-पाच मिनिटं. यीस्टच्या बाबतीत ४७ आणि ५० मध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. त्यातून हळूहळू तापवलं की पेशीला तयारीला वेळ मिळतो ते वेगळंच. उपाय सोपा: मीडियम आधीच बाथमध्ये ५० ला आणून ठेवायचं आणि त्यात कल्चर अगदी थोडं टाकायचं, म्हणजे तापमान फारसं पडत नाही.

दुसरी गोष्ट, ट्यूबच्या वरच्या भिंतीला उडालेले थेंब. ट्यूब हलवताना कल्चर वर चिकटतं, तो भाग पाण्याच्या पातळीच्या वर राहतो, तिथल्या पेशी आरामात ४० डिग्रीला बसलेल्या असतात आणि पुढच्या वेळी पिपेट घातली की त्या खाली येतात. मेलेले उठून बसायचं रहस्य हे. ट्यूब गळ्यापर्यंत बुडवा, झाकण लावा, आणि बाथमध्ये ठेवल्यावर व्हॉर्टेक्स मशीनवर घुसळू नका.

एवढं केलं तेव्हा ग्राफ सरळ आले. पण बॅच-बॅचमधला फरक काही जाईना. तो सुटला एका चहामुळे.

झालं असं की त्या दिवशी बाथ एकच चालू होता आणि ग्रुप दोन. दोघांनी एकाच फ्लास्कमधून, रात्रभर वाढलेल्या कल्चरमधून पेशी घेतलेल्या. पहिल्या ग्रुपने लगेच बाथमध्ये टाकल्या. दुसऱ्या ग्रुपचा नंबर यायला पाऊण तास होता, तर त्यातल्या एकीने, बिचारीने चांगल्या मनाने, ‘सर, तोपर्यंत उपाशी नको राहायला’ म्हणून पेशी स्पिन करून ताज्या वायपीडी मीडियममध्ये घातल्या, दोन टक्के ग्लुकोजवाल्या, आणि ३० डिग्रीच्या शेकरवर ठेवून सगळे चहाला गेले. आल्यावर तोच बाथ, तीच ट्यूब, तेच ५० डिग्री. तीन दिवसांनी पहिल्या ग्रुपच्या प्लेटवर वीस मिनिटांचं सॅम्पलही भरगच्च, आणि दुसऱ्या ग्रुपच्या प्लेट दहाव्या मिनिटापासूनच विरळ, वीसला जवळपास रिकाम्या. एकाच आईची लेकरं, एकीकडे उपाशी ठेवलेली जगली आणि खाऊन-पिऊन आलेली मेली.

तर कारण पोटात आहे. म्हणजे अक्षरशः, पेशीने साखर कुठे ठेवलीय त्यात.

यीस्टला ग्लुकोज मुबलक मिळत असलं की ते ती साखर खातं, अल्कोहोल बनवतं, दीड-दोन तासांत दुप्पट होतं, आणि साठवण जवळपास शून्य. उद्याचा विचारच नाही. ग्लुकोज संपत आलं, वाढ मंदावली की मग त्याला घर आठवतं आणि ते दोन गोष्टी साठवायला लागतं. एक ग्लायकोजेन आणि दुसरी ट्रेहॅलोज. ट्रेहॅलोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना अशा रीतीने जोडलेले की दोघांचीही चुणचुणीत टोकं आत अडकतात. त्यामुळे ही साखर प्रोटीनशी भांडत बसत नाही, पाव भाजताना साखर-प्रोटीनची जी तांबूस रिअॅक्शन होते ती हिच्याशी होत नाही. म्हणून पेशीत कितीही भरली तरी त्रास नाही. आणि भरतातही कितीतरी, उपाशी आणि ताणाखाली असलेल्या यीस्टमध्ये कोरड्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या पुढे ट्रेहॅलोज जाऊ शकतं, तेच जोमाने वाढणाऱ्या पेशीत एक टक्काही नसतं.

उष्णतेत प्रोटीन उलगडतात आणि उलगडलेली प्रोटीन एकमेकांना चिकटून गोळा होतात, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तसंच. ट्रेहॅलोज तिथे दोन प्रकारे कामाला येतं, प्रोटीनला मूळ घडीत धरून ठेवायला मदत करतं आणि उलगडलेल्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. हे १९९८ मध्ये सिंगर आणि सुझन लिंडक्विस्ट या संशोधकांनी नीट दाखवलं. आणि त्यातच गंमतीचा भाग असा की संकट टळल्यावर ही साखर पटकन काढूनही टाकावी लागते, कारण जी साखर प्रोटीनला गोळा होऊ देत नाही तीच जास्त राहिली तर नीट घडी घालायलाही आडवी येते. पेशी तापमान वाढलं की ट्रेहॅलोज बनवायचं मशीनही वाढवते आणि तोडायचं एन्झाइमही. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा, एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने ओतायचं. पण पूर ओसरल्यावर वाळूची पोती दारातून हलवावी लागतातच ना, नाहीतर घरात जाणार कसं.

आता चहावाल्या ग्रुपकडे परत. उपाशी पेशीला एकदम ग्लुकोज दिलं की आत निरोप जातो, सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए नावाचं एन्झाइम चालू होतं, ते ट्रेहॅलेजला, म्हणजे साठा तोडणाऱ्या एन्झाइमला, जागं करतं. काही मिनिटांत साठा उतरायला लागतो, आणि त्याच निरोपामुळे ताणात लागणारे जीन चालू करणारे एमएसएन२ आणि एमएसएन४ पण न्यूक्लियसच्या बाहेर हाकलले जातात. म्हणजे गल्ला रिकामा आणि वॉचमनही सुट्टीवर. पाऊण तास पुरेसा आहे. पेशी मायक्रोस्कोपखाली अगदी तश्शाच दिसतात, ओडी, म्हणजे कल्चरचा मोजलेला गढूळपणा, पण जवळपास तोच, आणि तरी ५० डिग्रीला त्या वेगळ्याच जीवासारख्या वागतात.

म्हणून आता आमच्या मॅन्युअलमध्ये तापमानाच्या आधी कल्चरचा इतिहास लिहायचा. कोणतं मीडियम, किती टक्के ग्लुकोज, किती वाजता घातलं, काढताना ओडी किती, मधे कुठे किती वेळ उभं राहिलं. हे पाच आकडे नसले तर जर्नल परत.

यात मीडियमचा एक सापळा आहे जो आपल्याकडेच जास्त दिसतो. बऱ्याच कॉलेजात यीस्टला एमजीवायपी वापरतात, त्यात ग्लुकोज एक टक्का आणि वर माल्ट एक्स्ट्रॅक्ट. पेपरमधला प्रोटोकॉल मात्र वायपीडीचा, दोन टक्क्यांचा. निम्म्या ग्लुकोजमध्ये साखर लवकर संपते, त्यामुळे ‘वाढतं कल्चर’ म्हणून तुम्ही जे घेता ते ग्लुकोज संपवून केव्हाच साठवणीच्या मागे लागलेलं असतं. कुठलंही एक मीडियम घ्या, पण वर्षभर तेच ठेवा. आणि ग्लिसरॉल किंवा इथेनॉलवर वाढवलेल्या पेशी ग्लुकोजवरच्यांपेक्षा मुळातच जास्त तगड्या असतात, त्यांची ह्यांच्याशी तुलना करू नका.

खरोखर वाढत्या पेशी हव्या असतील तर रात्रीचं कल्चर सकाळी ओडी ०.१ च्याही खाली पातळ करा आणि ०.४-०.५ पर्यंत येऊ द्या, निदान तीन वेळा तरी दुप्पट व्हायला हव्यात. एकदाच दुप्पट करून घेतल्या तर त्यात रात्रीच्या म्हाताऱ्या पेशी अजून अर्ध्या असतात आणि सर्व्हायव्हल कर्व्हला शेपूट येतं, सुरुवातीला धाडकन खाली आणि मग आडवं. ते शेपूट म्हणजे कुठला रेझिस्टंट म्युटंट नाही. एका विद्यार्थ्याने त्याच्यावर डेझर्टेशनचा विषय काढला होता, थांबवला.

हे सगळं केल्यावर मला वाटलं सुटलं एकदाचं. आणि मग मे महिना आला.

आमचं कॉलेज विदर्भात. मेमध्ये बाहेर ४५, लॅबला एसी नाही, कूलर आहे तो पाणी नसलं की नुसती गरम हवा फेकतो. सप्लीच्या पोरांचं प्रॅक्टिकल तेव्हाच असतं. सगळं नियमाप्रमाणे केलं, ओडी ०.४, ताजं वायपीडी, बाथ तपासलेला, आणि पेशी मरेनात. वाढत्या पेशी, ज्यांच्या खिशात काही नसायला हवं, त्या ५० ला ठणठणीत. दोन दिवस डोकं खाजवलं. मग शेकरच्या आत थर्मामीटर ठेवला तर ३८.

आपल्याकडचे साधे इन्क्युबेटर फक्त तापवतात, थंड करत नाहीत. ३० वर सेट केलं आणि खोलीच ३८ असली तर तो गपगुमान हीटर बंद करून बसतो, डिस्प्लेकडे कोणी बघत नाही, आणि आतलं यीस्ट ३८ ला वाढतं. यीस्टसाठी ३७-३८ म्हणजे सौम्य हीट शॉक. मारणारा नाही, सावध करणारा. त्या तापमानाला पेशी ट्रेहॅलोज जमवायला लागते आणि हीट शॉक प्रोटीनही बनवते, त्यातलं एचएसपी१०४ फार महत्त्वाचं, ते गोळा झालेल्या प्रोटीनला ओढून परत सुटं करतं. १९९० मध्ये सांचेझ आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की हे प्रोटीन नसलेल्या यीस्टला आधी सौम्य उष्णता देऊन तयार केलं तरी ५० डिग्रीला त्याचा नेहमीइतका उपयोग होत नाही. म्हणजे आमच्या मे महिन्याच्या पेशी बाथमध्ये जायच्या आधीच उन्हात तावून-सुलाखून आलेल्या होत्या. आपण नाही का, एप्रिलपासून हळूहळू सवय होते म्हणून मेमध्ये टिकतो, आणि पुण्याचा पाहुणा थेट मेमध्ये आला की दुसऱ्या दिवशी आडवा.

त्यामुळे उन्हाळ्यात बीओडी इन्क्युबेटर, ज्यात कूलिंग असतं, तोच वापरा. नसेल तर एसीची एखादी खोली, प्राचार्यांच्या केबिनशेजारी असली तरी लाज बाळगू नका. लोडशेडिंग झालं असेल तर त्या दिवशीचं कल्चर फेकून द्या, बीओडीसुद्धा बंद पडल्यावर खोलीसारखाच तापतो. प्लेटसुद्धा ३० लाच ठेवायच्या, कारण शॉकमधून अर्धमेल्या बाहेर आलेल्या पेशी परत ३८ ला ठेवल्या तर सावरत नाहीत आणि जगलेल्यांची संख्या उगाच कमी येते. आणि दोन दिवसांवर मोजायची घाई नको, जखमी पेशींच्या कॉलन्या उशिरा डोळ्याला दिसतात, तिसऱ्या दिवशी मोजा.

ह्या चुकीतूनच आता आम्ही प्रॅक्टिकल बदललंय. एका फ्लास्कचे तीन भाग: एक थेट ३० वरून ५० ला, एक आधी पाऊण तास ३७ ला ठेवून मग ५० ला, आणि तिसरा रात्रभराचा जुना. दहा-दहा पट डायल्यूशनचे पाच मायक्रोलिटरचे स्पॉट एकाच प्लेटवर ओळीने. पहिली ओळ लगेच संपते, बाकीच्या दोन लांब जातात, पोरांना आकडेमोड न करताही दिसतं.

व्हायव्हात मात्र जपून. ‘ट्रेहॅलोजमुळे यीस्ट उष्णतेत जगतं’ एवढंच वाक्य पाठ करून आलेल्यांना मी पुढचा प्रश्न विचारतो. कारण गोष्ट एवढी सरळ राहिलेली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड बॉटस्टाइन यांच्या ग्रुपने यीस्टमध्ये एक ट्रान्सपोर्टर वापरून बाहेरूनच ट्रेहॅलोज भरलं, बनवायचं मशीन न वापरता, आणि नुसती साखर भरून उष्णता सोसायची ताकद काही आली नाही. वाळवण्यापासून मात्र ती साखर खरंच वाचवते, तेही त्याच सुमारास दाखवलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी म्हटलं की ताण सोसण्यात ट्रेहॅलोजपेक्षा ते बनवणाऱ्या टीपीएस१ ह्या प्रोटीनचा हात मोठा आहे. माझं मत विचाराल तर बेंचवर ट्रेहॅलोज हा चांगला निर्देशक आहे, पेशी कुठल्या मूडमध्ये आहे ते सांगतो, पण सगळं श्रेय त्याच्या एकट्याच्या नावावर लिहू नये. आणि कोणी टीपीएस१ नसलेला म्युटंट मागवलाच तर एक इशारा, तो ग्लुकोजच्या प्लेटवर उगवतच नाही, कारण ते मशीन नसलं की ग्लुकोज आत घुसून पेशीचा सगळा कारभार तुंबवतं. गॅलॅक्टोजवर ठेवा. नाहीतर वायपीडीवर शून्य कॉलन्या बघून ‘उष्णतेने सगळे मेले’ असं लिहून बसाल, आणि ते बाथमध्ये जायच्या आधीही शून्यच आले असते.

ट्रेहॅलोज मोजायचंच असेल तर अँथ्रोन, म्हणजे साखरेबरोबर रंग देणारं रसायन, चालतं, हिरवट निळा रंग, ६२० नॅनोमीटरला रीडिंग. पण अँथ्रोनला ट्रेहॅलोज आणि ग्लुकोज यातला फरक कळत नाही, जवळपास सगळ्याच साखरांना तो रंग देतो, म्हणून मीडियमचं ग्लुकोज नीट धुऊन काढायचं, तेही बर्फाच्या पाण्याने आणि झटपट, कारण खोलीच्या तापमानाला धूत बसलात तर पेशी तेवढ्यात साठा बदलते. ग्लायकोजेन यायला नको तर गरम ८० टक्के अल्कोहोलने काढा, ग्लायकोजेन त्यात विरघळत नाही. यात सल्फ्युरिक अॅसिड आहे, गॉगल लावा, हे सांगायला लागतं हेच दुर्दैव.

बजेट नसेल तर आयोडीन. फ्यूम हूडमध्ये पेट्रीच्या झाकणात आयोडीनचे चार-पाच खडे, त्यावर कॉलन्यांची प्लेट उलटी, एखाद-दोन मिनिटं. साठा भरलेल्या कॉलन्या तपकिरी होतात, रिकाम्या फिक्या पिवळ्या राहतात. रंग लगेच उडतो म्हणून मोबाइल हातात तयार ठेवा. हे ग्लायकोजेन दाखवतं, ट्रेहॅलोज नाही, पण दोन्ही साधारण एकाच सुमाराला साठतात म्हणून अंदाजाला पुरतं. मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या मेथिलीन ब्लूवर मात्र शॉकनंतर लगेच विसंबू नका, ज्या पेशी उद्या मरणार आहेत त्यातल्या बऱ्याच आज निळ्या होत नाहीत.

हे सगळं घरी जेवताना सांगितलं तर वहिनी म्हणाली, भाऊजी, माझा पाव उन्हाळ्यात फुगत नाही त्याचं सांगा आधी, पाकीट खराब येतंय. पाकीट खराब नव्हतं. सुकं यीस्ट कारखान्यात शेवटी मुद्दाम उपाशी ठेवून, ट्रेहॅलोज भरवूनच वाळवतात, म्हणून तर ते पाकिटात महिनोन्‌महिने टिकतं. वहिनी ते कोमट साखरपाण्यात ‘अॅक्टिव्हेट’ करायची, फेस आला की झाकून ठेवायची, आणि मग फोन, दूधवाला, पोरगी, असा तास जायचा. तेवढ्यात यीस्टने साठा मोडून खाल्लेला. त्यावर मळताना चांगलं कढत दूध. पाकिटातून थेट आलेलं यीस्ट कदाचित तो चटका सोसलं असतं, जागं होऊन खायला लागलेलं नाही सोसत. आता ती फेस आला की दहा मिनिटांत पीठ मळते आणि दुधात आधी बोट घालून बघते, बोट ठेववत नसेल तर थांबते. पाव फुगतोय.

एक राहिलं. एवढं सगळं करूनही तुमच्या तिन्ही ओळी सारख्याच लांब येत असतील, तर प्लेटवरची कॉलनी मायक्रोस्कोपखाली बघा. आमच्याकडे एकदा ते यीस्ट नव्हतंच, बॅसिलस नावाचा जिवाणू होता, आणि त्याच्या स्पोअरना, म्हणजे टणक बीजाणूंना, ५० डिग्री म्हणजे नुसती कोमट अंघोळ.